ड्रमवरचे शब्द

"स्टेंच," सरांनी फळ्यावर लिहिलं. "मीनिंग, दुर्गंध. सिनोनिम्स, स्टिंक, फाउल स्मेल. नाऊ, वाक्य कोण करणार?"

बोईसर स्टेशनजवळ, एका मेडिकल दुकानाच्या वर आमचा इंग्रजीचा क्लास होता. माझं दहावीचं वर्ष. रोज पाच शब्द. शब्द, अर्थ, दोन समानार्थी, एक वाक्य. वाक्य आवडलं तर सर ते फळ्यावर लिहायचे आणि मग एकेकाने उभं राहून ते तीनदा मोठ्याने म्हणायचं. असा नियमच होता.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील साहेबलोकांच्या कॉलनीत राहणारे मोठे अधिकारी. तिने एकदा वळून माझ्या दप्तराकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं.

"द फिशरवुमन्स डॉटर ब्रिंग्ज अ स्टेंच टु द क्लास."

मासेवालीची मुलगी वर्गात दुर्गंध घेऊन येते. मला वाक्य कळलं. सगळं कळलं. तेव्हा वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

वर्ग हसला. सरही हसले. हसू आवरत म्हणाले, "व्हेरी गुड. अशी वाक्यं करा. पुस्तकातली नकोत, आपल्या आजूबाजूची करा." त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग पहिल्या बाकापासून सुरुवात झाली. एकेक जण उठून तीनदा म्हणत होता. माझ्यापर्यंत यायला दहा मिनिटं लागली असतील. मला वाटत होतं, सर मला वगळतील. एवढं तरी करतील. माझा नंबर आला. सर म्हणाले, "हां, तू."

मी उभी राहिले. म्हटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा माझा आवाज गेला, तर सर म्हणाले, "स्टेंच नीट म्हण. तोंड उघड." मी तोंड उघडून म्हटलं. मग खाली बसून ते वाक्य वहीत उतरवलं. चांगल्या अक्षरात. सरांनी वही तपासताना त्यावर बरोबरची खूण केली.

सातवीपासून दर शनिवारी माझी आय याच सरांच्या घरी मासळी पोचवायची. कधी पापलेट, कधी सुरमई. त्या बदल्यात माझी फी निम्मी. तेव्हा सरांना वास येत नसे. उलट त्यांच्या बायकोचा निरोप यायचा, या वेळी जरा मोठी पाठवा.

घरी गेले तर आय अंगणात बांबूवर बोंबील लावत होती. बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि दोरीवर टांगायची. तिचे हात चालूच होते. "आज काय शिकलंस बाय?"

"पाच शब्द."

"बोल की एखादा."

मी दुसराच बोलले. "ब्राइट. म्हणजे उजेड असलेलं."

"बराइट," आय म्हणाली आणि खूश झाली. "शिक बाय. आमाला कागद वाचता नाय येत, कोणी कायपण लिवतं नि अंगठा घेतं. तू शिक."

मी विहिरीवर जाऊन दप्तर साबणाने धुतलं. दोनदा. वह्यांचे कोपरे भिजले. त्या संध्याकाळी मी ठरवलं, इतकं इंग्रजी शिकायचं की परत मला कोणी हसणार नाही. तो मला राग वाटला होता. तो राग नव्हता. त्या पुढच्या बाकावर जाऊन बसायची हाव होती. हे मला कळायला पुढे एका बाईचा डोळा जावा लागला. म्हणून हे सगळं सांगतेय.

बारावीनंतर घरात पुढे शिकवायची ताकद नव्हती. बाबांची बोट तीन-तीन दिवस बाहेर राहून रिकामी परतायची. पण मी शब्द सोडले नाहीत. पालघरला एसटी स्टँडजवळ जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून एक जाड शब्दांचं पुस्तक घेतलं. त्यातली वाक्यं मोठी मजेशीर. कुणाची तरी बाग आहे, कुणाचा तरी घोडा आहे, मालक आज्ञाधारक नोकरावर प्रसन्न आहे. त्या पूर्ण पुस्तकात नोकर सोडून कोणी कामच करत नव्हतं. मी ती वाक्यं पाठ केली. भात शिजताना म्हटली, बोंबील उलटताना म्हटली. आय कौतुकाने बघायची.

मग बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागले. पॅकिंगला. ड्रममधली पावडर किंवा दाणे मोजून पिशवीत भरायचे, पिशवी शिवायची, लेबल लावायचं. लाइनवर आम्ही दहा बायका. पहिल्या दिवशी सेफ्टीच्या साहेबांनी आम्हा नव्या बायकांना एका खोलीत उभं केलं. प्रत्येकीच्या हातात इंग्रजी कागद दिला आणि गंमत म्हणून विचारलं, "कोणाला वाचता येतं का यातलं?"

मी हात वर केला.

"वाच बघू. मोठ्याने."

मी सगळा कागद वाचला. कुठेही अडखळले नाही. साहेब दरवाजातल्या दुसऱ्या साहेबाला म्हणाले, "अरे, कमाल झाली. मच्छीवाल्यांच्यातसुद्धा इंग्लिश आलं." दोघे हसले.

आणि मीही हसले. अपमान झाला होता, तरी मी हसले, कारण या वेळी हसणाऱ्यांत आपणही आहोत असं मला वाटलं. बाकीच्या बायका हातातला कागद उलटसुलट करत होत्या.

त्या कंपनीत ट्रेनिंगचं रजिस्टर होतं. दर सोमवारी अर्धा तास ट्रेनिंग द्यायचं, विषय लिहायचा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. विषय लिहिलेले असायचे. आगीपासून बचाव. हातमोजे आणि गॉगलचा वापर. केमिकल सांडल्यास काय करावे. ट्रेनिंग मात्र मी कधी पाहिलं नाही. सोमवारी रजिस्टर लाइनवर यायचं, बायका हात पुसून, काय लिवलंय विचारत सही करायच्या आणि परत कामाला लागायच्या. कोणाची सही मराठीत, कोणाचा अंगठा. गॉगल साहेबांच्या कपाटात कुलपात असायचे. ऑडिटवाले आले की बाहेर निघायचे आणि गाडी गेटबाहेर पडली की परत आत.

एकदा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं अक्षर तर कॉन्व्हेंटचं वाटतं," ते म्हणाले. "हे बघ, या बायकांच्या सह्या. वेड्यावाकड्या. अंगठ्यांनी पान काळं होतं. ऑडिटला बरं दिसत नाही. तू एक कर. सगळ्यांची इंग्रजीत सही तूच करत जा. प्रत्येकीची वेगळी दिसली पाहिजे हं."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरलं.

मी घरी बसून दहा सह्या तयार केल्या. खरंच केल्या. एकीची गोल अक्षरांची, एकीची तिरकी, एकीच्या खाली दोन टिंबं. बायकांना मी त्या दाखवल्या तर त्यांना नवल वाटलं. "बगू माजी, बगू," करत सगळ्या भोवती गोळा झाल्या. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून येणारी रंजना म्हणाली, "माज्या नावाला शेपूट दे ना बाय. साहेब लोकांच्या सहीला असतं तसं."

मी रंजनाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. रंजना माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. पहाटे घर सोडायची, अंधारात वाट उतरून रस्त्याला यायची आणि इको गाडीत कोंबून बोईसरला. तिला दोन मुली. डब्यात नाचणीची भाकर आणि ठेचा. रोज अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवायची, मी तिला सुकी कोलंबी द्यायचे. लाइनवर ती माझ्या शेजारची.

तेव्हापासून रजिस्टर लाइनवर यायचं बंद झालं. मी केबिनमध्ये जायचे. पंख्याखाली, खुर्चीत बसून दहा जणींच्या सह्या करायचे. कोणी आलं की साहेब म्हणायचे, "या आमच्या पॅकिंगच्या मॅडम." चिडवणंच ते. मला कळत होतं, तरी ऐकायला बरं वाटायचं.

शब्दांची वही मी कंपनीतही न्यायचे. आता शब्द पुस्तकातून घ्यायची गरज नव्हती. ड्रमवर भरपूर होते. जेवणाच्या सुट्टीत मी लेबलं वाचत फिरायचे आणि नवा शब्द दिसला की उतरवायचे. घरी जाऊन अर्थ, समानार्थी, वाक्य. कोरोझिव्ह, म्हणजे झिजवणारं. टॉक्सिक, म्हणजे विषारी, समानार्थी पॉयझनस. इरिटंट, म्हणजे जळजळ करणारं. इररिव्हर्सिबल, म्हणजे परत न फिरणारं. त्यावर मी वाक्य केलं होतं, टाइम इज इररिव्हर्सिबल. मला ते फार आवडलं. एखाद्या मोठ्या माणसाचं असावं असं वाटलं.

लेबलवर त्या शब्दाच्या पुढे डोळ्यांबद्दल लिहिलेलं होतं. ते मी उतरवलं नाही. नवा शब्द तेवढा उचलायचा, बाकी लेबल सोडून द्यायचं, अशी माझी पद्धत.

त्या वर्षी पावसानंतर काहीतरी बदलायला लागलं होतं. आता मागे बघताना सगळं स्पष्ट दिसतं. गिऱ्हाइकांकडून परत आलेले ड्रम लाइनच्या मागे साठत गेले. काहींची झाकणं चेपलेली. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी घशात खवखव व्हायची आणि दहाही जणी एकदम खोकायला लागायच्या. बाहेरच्या नाल्याचं पाणी एके दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी लालसर. त्याच्या काठची झुडपं एका बाजूने जळाल्यासारखी झाली होती. एकीने साहेबांना विचारलं तर म्हणाले, "काही नाही. वास आहे नुसता. वासाने कोणी मरत नाही."

आय मात्र एकदा मला दारातच म्हणाली, "तुज्या अंगाला ह्यो कसला वास येतो?"

"कामाचा."

"मासळीचा वास मला कळतो. सडक्या मासळीचा पन कळतो. ह्यो ओळखीचा नाय." ती माझे केस हुंगत होती आणि तिच्या तोंडावर भीती होती. "तू सोड ते काम."

मी उखडले. "तुला काय कळतंय त्यातलं?" आयला मी असं बोलले. तिच्या मासळीवर शिकलेलं इंग्रजी डोक्यात घेऊन तिलाच.

मग लाइनवर नवे ड्रम आले. निळे, लेबल पांढरं, आत पिवळट पांढरे दाणे. झाकण उघडलं की दाण्यांवर हलका धूर दिसायचा. लेबलवर एक ओळ होती. रिअ‍ॅक्ट्स व्हायोलंटली विथ वॉटर. मला त्यातला व्हायोलंटली आवडला. त्या संध्याकाळी वहीत घेतला. अर्थ, हिंसकपणे, जोरात. समानार्थी फिअर्सली, फोर्सफुली. आणि वाक्य केलं, द सी हिट द बोट व्हायोलंटली. समुद्र बोटीवर जोरात आदळला. आपल्या आजूबाजूचं वाक्य झालं म्हणून मी स्वतःवर खूश होते. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

पाण्याशी संबंध आला तर हे भडकतं, असं त्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं. मी ती ओळ वाचली होती. अर्थासकट वाचली होती. लाइनवर एकीलाही सांगितली नाही. मुद्दाम नाही. लपवलं असंही नाही. ही ओळ आपल्यासाठी लिहिली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासाठी तो एक चांगला शब्द होता.

सहाव्या दिवशी दुपारी जेवणानंतर एक ड्रम कलंडला. दोन-तीन ओंजळी दाणे जमिनीवर पसरले. आमच्या शेडमध्ये काहीही सांडलं की एकच रीत होती, पाणी मारायचं आणि झाडूने नाल्याकडे लोटायचं. रंग सांडला, पाणी. तेल सांडलं, पाणी. सुपरवायझर भाईने लांबूनच आवाज दिला, "अरे, पानी मार दे! जल्दी! गाडी लगनी है!" तोही आमच्यासारखाच कॉन्ट्रॅक्टवरचा. त्यालाही कोणी काही शिकवलं नव्हतं.

रंजना नळाजवळ होती. तिने पाइप उचलला.

मी बघत होते. मी पंधरा पावलांवर होते. मला वाचता येत होतं. पाइपातून पाणी येईपर्यंत निदान चार-पाच सेकंद गेले असतील आणि त्या सेकंदांत माझ्या मनात काही, काहीच आलं नाही.

पाणी पडलं आणि तव्यावर पडावं तसा आवाज झाला. दाणे उसळले. पांढरा धूर रंजनाच्या तोंडापर्यंत आला आणि ती वाकलेलीच होती. तिची किंकाळी मी इथे लिहीत नाही. आम्ही तिला ओढत बाहेर नेलं. सगळ्यांचे घसे बंद झाले होते. कोणीतरी डोळे धुवायच्या नळाकडे पळालं, तर त्या नळाला पाणी नव्हतं. शेवटी पिण्याच्या पिंपातलं पाणी तिच्या डोळ्यांवर ओतलं. कंपनीची गाडी येईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती आणि एकच बोलत होती. "काय झालं? बाय, काय झालं? मी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची पुढे केली. चहा मागवला. टेबलावर टाइप केलेला इंग्रजी कागद होता.

"तुला वाचता येतं, म्हणून तुला बोलावलं. साक्षीदार म्हणून सही कर. खाली, इथे."

मी वाचलं. कामगार रंजना हिला सदर केमिकलबाबत संपूर्ण ट्रेनिंग देण्यात आले होते. तरीही तिने कोणाच्याही सूचनेशिवाय, स्वतःच्या निग्लिजन्समुळे पाणी मारले. निग्लिजन्स. माझ्या वहीत होता तो शब्द. अर्थ, निष्काळजीपणा. समानार्थी, केअरलेसनेस. सुपरवायझरने दिलेला हुकूम कागदावर कुठेच नव्हता. कोरडा नळ नव्हता. कुलपातले गॉगल नव्हते.

कागदाला पुरावा जोडला होता. रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. सोमवारची तारीख. विषय, केमिकल सांडल्यास काय करावे. आणि खाली दहा सह्या. आठवी रंजनाची. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.

मी त्या शेपटावर बोट ठेवलं.

"हिचं पुढे काय होणार?" मी विचारलं.

"आपण माणुसकी म्हणून थोडंफार करूच. पण चूक तिची आहे ना. चूक तिची म्हटल्यावर कंपनीवर काही येत नाही." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "आणि तू त्या शेडमध्ये किती दिवस राहणार? स्टोअरच्या ऑफिसात जागा आहे. कॉम्प्युटर, एसी. तुझ्यासारखी मुलगी तिथे शोभते."

मी तेव्हाच उठून गेले, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही गेले. मी चहा प्यायले. म्हटलं, "उद्या करते सही." साहेब म्हणाले, "कर, कर. घाई नाही." जिना उतरताना मी स्वतःला समजावत होते. माझ्या सहीने तिचा डोळा थोडाच परत येणार आहे.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेले. रंजनाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हात मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेला. नवरा खाली जमिनीवर बसला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, डावा डोळा गेला, उजव्याचं अजून नक्की नाही. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "आलीस बाय? बस."

मी बसले. आणि सगळं सांगितलं. ट्रेनिंग झालं होतं असं त्यांनी लिहिलंय, खाली तुझी सही आहे, ती मी केलेली आहे, आणि ड्रमवर काय लिहिलं होतं ते मी आधी वाचलं होतं. का सांगितलं ते माहीत नाही. तिने माफ करावं म्हणून असेल. माणूस स्वार्थी असतो, कबुली देतानासुद्धा.

तिने पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला. मग तिने विचारलं, "काय लिवलं हुतं ड्रमवर?"

"पाण्याने भडकतं."

"येवढंच?"

"एवढंच."

"तुला वाचता येत हुतं," रंजना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज माज्या बाजूला उभी राहायचीस. मंग मला का नाय सांगितलंस?"

तिच्या नवऱ्याने वर पाहिलं आणि मला ती नजर सहन झाली नाही. मी निघाले तेव्हा रंजना मागून इतकंच म्हणाली, "आता तरी सांग कोनाला."

घरी येऊन मी वही उघडली. पहिल्या पानापासून. शेकडो शब्द. प्रत्येकाला अर्थ, प्रत्येकाला समानार्थी, प्रत्येकाला वाक्य. त्यातलं एकही वाक्य मी कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिलं नव्हतं. सगळी मी वर चढण्यासाठी. त्या क्लासात मला हसणाऱ्यांना इंग्रजी येत होतं आणि ते त्यांनी माझ्यावर वापरलं. मलाही आलं, आणि मी काय केलं? बाकीच्या नऊ जणींच्या जिभा काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी सुंदर सह्या ठेवल्या. त्या आपल्या आपण सही करत होत्या तेव्हा निदान विचारायच्या तरी, "काय लिवलंय?" मी पेन घेतल्यावर त्यांचं विचारणंही संपलं. साहेबांना नेमकं तेच हवं होतं. मला स्वतःचीच किळस आली. भरपूर रडले. आयला सगळं सांगितलं, अगदी त्या फळ्यावरच्या वाक्यासकट. वाक्य ऐकून ती म्हणाली, "त्या मास्तरला मी चार वर्सं पापलेट दिली." आणि ताट वाढत, "उद्या जातंस ना? मंग जेव आधी."

सकाळी साहेबांनी तोच कागद पुढे केला. मी पेन घेतलं आणि सहीच्या जागेवर इंग्रजीत लिहिलं. देअर वॉज नो ट्रेनिंग. आय साइन्ड फॉर ऑल. द ऑफिसर टोल्ड मी टु. खाली तेच मराठीत लिहिलं, रंजनाला वाचून दाखवता यावं म्हणून. ट्रेनिंग झालं नाही. सगळ्यांच्या सह्या मी केल्या. साहेबांनी करायला सांगितल्या. मग माझं नाव, स्वतःचं, साधं.

साहेबांनी वाचलं. चेहरा पांढरा झाला, मग लाल. कागद त्यांनी दोनदा फाडला.

"अक्कल आहे का? खोट्या सह्या केल्यास तू. तू. हा गुन्हा आहे. सगळ्यात आधी तू आत जाशील."

"हो," मी म्हटलं.

"मच्छी विकायला बसशील परत."

"माझी आय विकते. तिने कोणाचं खोटं लिहिलं नाही."

"तुम्हा लोकांना डोक्यावर घेतलं की असंच होतं."

"तुम्ही मला डोक्यावर घेतलं नव्हतं, साहेब. पेनसारखं हातात घेतलं होतं. आता मी तुमच्या हातात नाही."

त्यांनी फाडला तो एक कागद. तसाच दुसरा मी घरून लिहून आणला होता, पूर्ण, तारखांसह, आणि तो गेटवरून थेट कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिला. पोच घेतली. त्यात ड्रमवरची ओळ आहे, सुपरवायझरला तरी कोणी शिकवलं होतं का हा प्रश्न आहे, कोरडा नळ आहे. ती ओळ मी वाचली होती आणि गप्प राहिले, हेही आहे. तिथल्या बाबूने वाचून वर पाहिलं. "ताई, यात तुम्हीच अडकताय. दोन ओळी गाळा ना." मी नाही गाळल्या.

माझं काम गेलं, हे वेगळं सांगायला नको. लाइनवर सही करायला आता डिप्लोमावाली एक मुलगी आणली आहे. तिला पहिल्या दिवशी खुर्ची मिळाली असं ऐकलं.

मी रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला गेटसमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहते. बायका येतात. पहिल्या आठवड्यात त्या माझी नजर चुकवायच्या. बरोबरच होतं त्यांचं. आता चार जणी थांबतात. मी त्यांना नवीन ड्रमवरच्या ओळी विचारते, त्या अक्षरांची चित्रं हातावर काढून आणतात, मी अर्थ सांगते. मराठीत. काय सांडलं तर पाणी, काय सांडलं तर वाळू, काय उघडताना तोंड फिरवायचं. कागद वाचून दाखवल्याशिवाय नाव द्यायचं नाही, अंगठाही नाही, आणि दुसरीला आपलं नाव लिहू द्यायचं नाही, ती कितीही हुशार असली तरी. गेल्या सोमवारी दोघींनी रजिस्टर मागितलं. त्यांना त्या दिवशी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि परत मागितलं.

रंजनाला उजव्या डोळ्याने थोडं दिसतं. सावल्या दिसतात, ती म्हणते. मी जाते तेव्हा माझ्याशी बोलते. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी विचारणारही नाही.

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल थांबते. त्यावरचे दोघे उतरत नाहीत. एकदा बाबांना म्हणाले, "पोरीला समजवा. शिकलेली आहे, तिला कळायला पाहिजे." बाबा बोटीवर जाताना हल्ली शेजारच्या काकांना सांगून जातात. आय कडी लावून दोनदा ओढून बघते. त्या निळ्या ड्रमांची नवीन गाडी आली असं बायकांनी परवा सांगितलं, आणि डोळे धुवायच्या नळाला अजून पाणी नाही.

मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू? पुढच्या महिन्यात निरीक्षकांनी जबाबाला बोलावलं आहे. वकील नाही. जे लिहिलंय तेच बोलायचं आहे. ते मला पहिला प्रश्न माझ्या गुन्ह्याचाच विचारणार, आणि मी तो संपूर्ण कबूल करणार. दहा सह्या, एक न वाचून दाखवलेली ओळ, चार-पाच सेकंद. माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही की मग कंपनीवाल्यांकडे मला गप्प करायला काही उरत नाही. त्यानंतर मी त्यांचं सांगायला सुरुवात करेन, नावं घेऊन, आणि संपेपर्यंत खाली बसणार नाही.